इंजिन मोटारीचे, भरवसा विमानाचा

घरच्या घरी विमान बांधणाऱ्या माणसाकडे आपला समाज दोनच दृष्टींनी पाहतो. विमान उडाले तर त्याची मिरवणूक काढतो आणि न उडाले तर त्याला वेड्यात काढतो. त्याने बांधलेले यंत्र नीट तपासावे, त्यात काय बरोबर आहे आणि काय चुकले आहे हे त्याला समजावून सांगावे, ही तिसरी दृष्टी आपल्याकडे क्वचितच आढळते. या लेखात मला त्या तिसऱ्या दृष्टीची बाजू मांडावयाची आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते एका विलक्षण इंजिनाचे. त्याला व्हांकेल इंजिन किंवा रोटरी इंजिन म्हणतात.

हा विषय मला का सुचावा, असे काही वाचक विचारतील. मी मूळचा सौंसरचा. पांढुर्णा आणि सौंसर हे आमचे तालुके मध्यप्रदेशात मोडतात. पूर्वी ते छिंदवाडा जिल्ह्यात होते. २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमची कचेरीची भाषा हिंदी, घरची मराठी आणि मोठा बाजार नागपूरचा. या मुलखात संत्र्याच्या बागा आहेत आणि बागांच्या मागोमाग पंप, ट्रॅक्टर व फवारणीची यंत्रे आली आहेत. ती दुरुस्त करणारा मिस्त्री फार शिकलेला नसतो. परंतु एका यंत्राचे इंजिन काढून दुसऱ्या यंत्राला बसवणे हा त्याच्या हातचा मळ असतो. अशा वातावरणात वाढलेल्या मुलाच्या मनात, मोटारीचे इंजिन विहिरीवर चालते तर विमानाला का चालू नये, असा प्रश्न आला तर त्यात नवल ते काय? प्रश्न रास्त आहे. मात्र त्याला रास्त उत्तर मिळाले पाहिजे.

इतिहास पाहिला तर हा प्रश्न विमानाइतकाच जुना आहे. राइट बंधूंना बाहेरच्या कारखान्यांकडून हवे तसे हलके इंजिन मिळेना, तेव्हा त्यांच्या सायकलच्या दुकानातील चार्ली टेलर या मेकॅनिकने सुमारे सहा आठवड्यांत ते तयार केले. त्याची शक्ती १२ अश्वशक्तीच्या आसपास होती. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्याच इंजिनावर पहिले विमान उडाले. पुढे अमेरिकेत १९५३ साली हौशी विमानबांधणी करणाऱ्यांची संघटना स्थापन झाली आणि आपले विमान आपणच बांधणे हा तेथे हजारो लोकांचा छंद होऊन बसला. सांगाडा घरी बांधता येतो, पंख घरी जोडता येतात. अडते ते इंजिनापाशी. प्रमाणपत्र मिळालेले नवे विमान-इंजिन कित्येक लाख रुपयांना पडते. म्हणून या मंडळींची नजर मोटारींच्या इंजिनांकडे वळली. कोणी फोक्सवॅगनच्या बीटल मोटारीचे इंजिन बसवले, कोणी सुबारूचे आणि कोणी जपानी माझदा कंपनीचे रोटरी.

हे रोटरी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगावे लागेल. आपल्या ओळखीच्या इंजिनात दट्ट्या सिलिंडरात वरखाली धावतो आणि कनेक्टिंग रॉड त्या धावण्याचे फिरण्यात रूपांतर करतो. दट्ट्या प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो आणि उलटा फिरतो. त्यामुळे हिसके बसतात. रोटरीमध्ये दट्ट्या नाही, कनेक्टिंग रॉड नाही, व्हॉल्व्हही नाहीत. मध्ये किंचित चेपलेल्या लंबगोल आकाराची पोकळी असते आणि तिच्यात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरत असतो. त्याची तीन टोके पोकळीच्या भिंतीला सतत घासत असतात. त्यामुळे तीन कप्पे तयार होतात आणि त्रिकोण फिरेल तसे प्रत्येक कप्प्यात पेट्रोलमिश्रित हवा आत घेणे, दाबणे, पेटवणे आणि बाहेर टाकणे ही चारही कामे क्रमाने होतात. त्रिकोणाचा एक फेरा झाला की मधला दांडा तीन फेरे घेतो. पहिल्या महायुद्धातील काही विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणत. परंतु त्यांत साधेच सिलिंडर पंख्याबरोबर गरगर फिरत असत. नावाचे साम्य सोडले तर दोहोंचा संबंध नाही.

ही कल्पना जर्मनीच्या फेलिक्स व्हांकेल यांची. एनएसयू कंपनीत १९५७ साली त्यांचे पहिले इंजिन चालले. कल्पना देखणी होती, परंतु त्रिकोणाच्या टोकांवरील सील लवकर झिजत. एनएसयूने १९६७ साली आणलेल्या आरओ ८० या मोटारीची इंजिने इतक्या मोठ्या संख्येने परत येऊ लागली की कंपनीचे कंबरडे मोडले आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. हिरोशिमाच्या माझदा कंपनीने १९६१ मध्ये हाच परवाना घेतला होता. पोकळीच्या भिंतीवर उमटणाऱ्या ओरखड्यांना तेथील अभियंते सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणत. केनिची यामामोतो यांच्या हाताखालील ४७ अभियंत्यांनी सीलसाठी एकामागून एक पदार्थ वापरून पाहिले. कार्बन आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे सील तेव्हा कोठे टिकले. १९६७ मध्ये त्यांची कॉस्मो मोटार विक्रीस आली, १९७८ मध्ये आरएक्स ७ आली, आणि १९९१ मध्ये फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत रोटरी इंजिनाच्या माझदा मोटारीने जिंकली. धूर आणि इंधन यांच्या नियमांपुढे टिकाव न लागून २०१२ साली आरएक्स ८ बंद झाली. २०२३ पासून माझदाने हेच इंजिन विजेच्या मोटारीत केवळ वीज निर्माण करण्यासाठी परत आणले आहे.

विमान बांधणाऱ्याला या इंजिनाचा मोह का पडतो, ते आता ध्यानात येईल. आरएक्स ७ मधील १३बी या इंजिनात दोन त्रिकोण असून त्याचे माप अवघे १३०८ घन सेंटिमीटर. परंतु वेगाने फिरवले असता ते ज्या शक्तीच्या घरात जाते, त्यासाठी लायकमिंगच्या विमान-इंजिनाला सुमारे साडेपाच लिटरची सिलिंडरे लागतात. हिसके कमी, सुटे भाग थोडे. सगळ्यांत मोठे आकर्षण निराळेच आहे. साध्या इंजिनात कनेक्टिंग रॉड तुटला किंवा व्हॉल्व्ह निखळून आत पडला की इंजिन तत्काळ बंद. रोटरीमध्ये हे भागच नसल्यामुळे, सील खराब झाले तरी इंजिन बहुधा कण्हत कुथत चालू राहते. शक्ती घटते, पण वैमानिकाला एखादे शेत शोधण्याइतका वेळ मिळू शकतो. हवेत असलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे?

येथवर वाचून एखादा उत्साही विद्यार्थी म्हणेल, मग अडचण कोठे आहे? अडचण इंजिनात थोडी आहे आणि जोडणीत फार आहे. माझ्या लेखाचा सगळा भर याच एका गोष्टीवर आहे.

पहिली जोडणी पंख्याची. विमानाचा पंखा १.८ मीटर व्यासाचा धरा. मिनिटाला २७०० फेरे घेताना त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला सुमारे २५४ मीटर होतो. तोच पंखा रोटरीच्या ६००० फेऱ्यांवर थेट लावला तर टोकाचा वेग ५६५ मीटर होईल. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे टोक आवाजाला मागे टाकील, प्रचंड गोंगाट होईल, विमान पुढे ओढण्याची ताकद घटेल आणि पंख्यावर नको इतका ताण येईल. म्हणून मध्ये वेग कमी करणारा गिअर घालावा लागतो. राइट बंधूंनीही साखळी आणि चाके लावून पंख्याचा वेग इंजिनापेक्षा कमीच ठेवला होता. पण गिअर आला की पीळ आला. इंजिन दांड्याला ठोके देत असते आणि पंखा जड चाकासारखा एका गतीने फिरू पाहतो. मधला दांडा त्या दोघांच्या ओढाताणीत सापडतो. एका ठराविक वेगावर हे ठोके आणि दांड्याची स्वाभाविक थरथर यांचा मेळ बसला की पोलादाचे दातेसुद्धा तुटतात. मोटारीत हे ठोके क्लच आणि टायर गिळून टाकतात. विमानात क्लच नाही आणि टायर तर हवेत लोंबत असतात.

दुसरी जोडणी उष्णतेची. रोटरीचा त्रिकोण आतून वंगणाच्या तेलाने थंड केला जातो. इंजिनातून काढून टाकावयाच्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेलावाटे बाहेर पडतो. म्हणजे पाण्याचा रेडिएटर पुरेसा नाही, तेलासाठीही मोठा कूलर हवा, आणि दोन्हींतून पुरेशी हवा जाईल अशा बोगद्यासारख्या वाटा हव्यात. मोटार चढावर दहा मिनिटे पूर्ण जोर लावते आणि मग सुस्तावते. विमान उड्डाणापासून पुढे बराच काळ मोठ्या जोरावरच चालते. रेडिएटर, कूलर, पाणी आणि गिअर यांचे वजन मांडले की हलक्या इंजिनाने वाचवलेले बरेचसे किलो परत आलेले दिसतात.

तिसरी जोडणी इंधन, धूर आणि विजेची. रोटरीचा धूर अतिशय तप्त असतो. मोटारीचा सायलेन्सर विमानावर काही तासांत फाटू शकतो. टोकांच्या सीलला वंगण मिळावे म्हणून थोडे तेल पेट्रोलबरोबर जळावे लागते. जुन्या बजाज स्कूटरच्या टाकीत पेट्रोलबरोबर तेल ओतलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. आपल्याकडे आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉल हवेतील ओल धरते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या खराब करते. रस्त्यावर गाडी बंद पडली तर ढकलता येते. आकाशात एक चार आण्यांची नळी माणसाचा जीव घेऊ शकते. शिवाय अशा इंजिनाचे इंधन आणि ठिणगी दोन्ही विजेवर चालतात, म्हणून बॅटरी आणि तारांची दुसरी स्वतंत्र वाट ठेवावीच लागते.

अमेरिकेत घरगुती विमानांना मोकळीक आहे असे आपण ऐकतो. ती मोकळीक कशी आहे हेही ऐकावे. विमानाचा निम्म्याहून अधिक भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा विरंगुळ्यासाठी बांधलेला असावा लागतो, आणि उडवण्यापूर्वी त्याची तपासणी होते. नंतरही पहिले काही तास ठरवून दिलेल्या मोकळ्या प्रदेशावरच उडावे लागते. इंजिन आणि पंखा यांची जोडी आधीच प्रमाणित असेल तर साधारणपणे हे २५ तास असतात. मोटारीचे इंजिन असेल तर ४० तास. या १५ तासांच्या फरकातच सर्व शहाणपण भरले आहे. राज्यसंस्था त्या माणसाला वेडा म्हणत नाही आणि वीरही म्हणत नाही. ती म्हणते, आणखी १५ तास दाखव.

आता आपल्या देशाकडे वळू. रोटरी इंजिन ही परदेशी लोकांची चैन आहे असे मानण्याचे कारण नाही. ५ एप्रिल २००९ रोजी कर्नाटकातील कोलारजवळ निशांत हे वैमानिकरहित विमान भारतातच रचलेल्या व्हांकेल इंजिनावर उडाले. इंजिन ५५ अश्वशक्तीच्या वर्गातील होते. त्याचा गाभा, म्हणजे त्रिकोण, दांडा आणि भिंतीवरचा निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा लेप, बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने सांभाळला. इंधन आणि ठिणगीची व्यवस्था अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, वाहन संशोधन व विकास संस्थेने केली. विमान बंगळूरच्याच वैमानिकी विकास संस्थेचे. निशांतला सैन्यात पुढे भवितव्य लाभले नाही, ही गोष्ट वेगळी. परंतु ज्या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी छापले जातात, त्या अंकात हे नमूद करावयास हवे की हे इंजिन एका मराठी गावाच्या आणि एका कन्नड नगरीच्या सहकार्यातून उभे राहिले. एका लहानशा इंजिनाची जोडणी करण्यास तीन संस्था लागल्या, आणि उड्डाणाला संमती देणारी यंत्रणा त्यांच्याहून वेगळी होती. एकट्या माणसाने हे सारे आपल्या अंगणात करावे, अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने ठेवतो?

एकट्याने जिद्दीने काय साधते याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. मुंबईचे वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील घराच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते लोकांनी पाहिले, आणि २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची सरकारी नोंदणी झाली. यादव स्वतः व्यावसायिक वैमानिक होते, त्यांना कागदपत्रांची भाषा येत होती, आणि तरीही वर्षे लोटली.

ज्याला ती भाषा येत नाही त्याचे काय होते? यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी या गावी एका २४ वर्षांच्या तरुणाने मारुती ८०० चे इंजिन बसवून हेलिकॉप्टर बांधले होते. शिक्षण आठवीपर्यंत, हातात वेल्डिंग आणि पत्राकामाची कला. १५ ऑगस्टला ते लोकांना दाखवावे असा त्याचा मनसुबा होता. २०२१ च्या ऑगस्टमध्ये, त्या दिवसाच्या काही दिवस आधी, जमिनीवरच चाचणी चालू असताना शेपटीचा पंखा तुटला आणि मुख्य पंख्यावर आदळला. त्या आघातात तो गेला. इंजिन चालत होते. तुटली ती जोडणी.

वृत्तपत्रांनी त्याला त्याच्या मृत्यूनंतर प्रतिभावान म्हटले, आणि ते खरेच होते. पण वाचकहो, मला एवढेच विचारावेसे वाटते की असा तरुण आपले यंत्र घेऊन ज्या दारावर थाप मारील, असे दार आपल्या कोणत्या तालुक्यात आहे? पांढुर्ण्यात आहे का? सौंसरला आहे का? ज्या गावी हा अंक छापला जातो तेथे तरी आहे का?

माझी सूचना अगदी साधी आहे. आपल्या यंत्रविषयाच्या विभागांनी, तंत्रनिकेतनांनी आणि आयटीआयनी मिळून विमान बांधू नये; इंजिन चालवून पाहण्याची एक चौकट उभारावी. रोटरीच्या मोटारी आपल्या बाजारात नाहीत, तेव्हा रोटरी वर्गात शिकवावी आणि चौकटीवर भंगारातले मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे इंजिन चढवावे. जमिनीत काँक्रीट ओतून ते घट्ट बांधावे. गिअर किंवा पट्टा जोडावा, पंखा लावावा, त्याभोवती मजबूत जाळी घालावी, आणि फिरणाऱ्या पंख्याच्या रेषेत कोणीही उभे राहू नये हा नियम भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावा. पाण्याचे तापमान, तेलाचे तापमान, तेलाचा दाब आणि फेरे यांची दर पाच मिनिटांनी वहीत नोंद करावी. प्रथम एक तास, मग दहा, मग पन्नास. प्रत्येक टप्प्यानंतर जोडणी उघडून दाते, बोल्ट आणि नळ्या पाहाव्यात. काय तुटले ते फेकू नये. कपाटात चिठ्ठी लावून ठेवावे. पाच वर्षांत ते कपाट कोणत्याही पाठ्यपुस्तकाहून मोलाचे होईल.

आणि या चौकटीचे दार बाहेरच्या मिस्त्रीला उघडे असावे. आठवी शिकलेल्या वेल्डरला येथे येऊन आपली जोडणी बांधून पाहता यावी. प्राध्यापकांनी त्याला कंपनाचे गणित सांगावे आणि विद्यार्थ्यांनी त्याच्याकडून वेल्डिंगची शिवण कशी ओळखावी ते शिकावे. यात उपकार कोणाचाच नाही; दोघांकडे अर्धे अर्धे ज्ञान आहे.

यावर आक्षेप येतील. पहिला जबाबदारीचा: अपघात झाला तर संस्थेने काय करावे? अपघात आजही होतातच. ते आपल्या कुंपणाबाहेर होतात म्हणून आपल्याला दिसत नाहीत, इतकेच. बांधून ठेवलेले इंजिन उडत नाही, आणि जाळी व शिस्त असली तर ते पिठाच्या गिरणीहून फारसे धोक्याचे नाही. उडण्याची पाळी आली तर १९३४ चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे, आणि विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी घ्यावीच लागेल. अशा वेळी हातात भरलेली वही असणे आणि रिकाम्या हाताने जाणे यांत फरक पडतोच. दुसरा आक्षेप काळाचा: विजेचे ड्रोन आले, आता पेट्रोलच्या इंजिनाचा ध्यास कशाला? ड्रोनलाही पंखा असतो, दांडा असतो, उष्णता असते आणि तारा असतात. आमच्या संत्र्याच्या बागांवर उद्या फवारणीचे ड्रोन घिरट्या घालतील तेव्हा ते दुरुस्त करणारा मिस्त्री हाच असेल. जोडणीची शिस्त त्याला आज लागली तर ती तेव्हाही उपयोगी पडेल.

मित्रांनो, जुगाड या शब्दाचा आपल्याला अलीकडे फार अभिमान वाटू लागला आहे. विहिरीवर जुगाड जरूर करावा. तेथे इंजिन बंद पडले तर पाणी थांबते. जेथे इंजिन बंद पडल्यावर माणूस पडतो, तेथे जुगाडाच्या पुढची पायरी चढलीच पाहिजे, आणि ती पायरी मोजमापाची आहे. माझदाच्या ४७ जणांपाशी जादू नव्हती. एका ओरखड्याचे कारण सापडेपर्यंत पुन्हा पुन्हा मोजण्याची चिकाटी होती. आपल्या मुलांपाशी हात आहेत, डोके आहे, हिंमत तर जास्तच आहे. त्यांना एक चौकट, एक वही आणि वही तपासणारा एक जाणता माणूस द्यावा. एवढे देणे कोणत्याही महाविद्यालयाला अशक्य आहे, असे मला वाटत नाही.